गच्चीवर वाळवलेला रेणू

आमच्या घरी माझ्या कपड्यांची बादली कायम वेगळी असायची. सरोजनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नानंतर लगेचच ती वेगळी काढली आणि मी निवृत्त झालो तेव्हा स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला देऊन टाकली. पिरिडीन नावाचं एक द्रव आमच्या प्रयोगशाळेत रोजच्या वापरात असे आणि त्याला कुजक्या मासळीसारखा वास येतो. हात कितीही धुवा, वास संध्याकाळी आपल्याबरोबर घरी येतोच. नांदेडच्या ऑटोत मी बसलो की शेजारचा माणूस रुमाल नाकाला लावून बाहेर बघू लागायचा. एका ऑटोवाल्यानं मला सरळ विचारलं होतं, "काका, खताचं दुकान हाय का तुमचं?" मी म्हणालो, नाही, मी रसायनशास्त्र शिकवतो. "तेच की," तो म्हणाला.

आता घरात कसलाच वास येत नाही आणि खरं सांगू का, मला करमत नाही.

आम्ही करायचो काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं कधी जमलंच नाही. माझे वडील, अप्पा, उदगीरला धान्याची आडत चालवत. त्यांनी एकदा विचारलं, "तू नेमकं बनवतोस काय?" मी म्हणालो, औषध होऊ शकेल असे नवे पदार्थ. अप्पांनी समोरच्या तुरीच्या ढिगाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे अजून ते कशाचंच न्हाई." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि पुढं निवृत्तीपर्यंत ते बरोबरच राहिलं.

पण आमच्या कामाची गंमत त्या 'कशाचंच नाही' मध्येच होती. समजा एक पिवळी पूड बनवली. तिच्या रेणूत अणूंची एक कडी आहे आणि कडीच्या एका कोपऱ्यावर क्लोरीन बसवलेला आहे. ही पूड जंतूंना मारते. आता तोच क्लोरीन शेजारच्या कोपऱ्यावर सरकवा. रंग तोच, वजन तेच, भट्टीत जाळून तपासलं तर आकडे तेच, आणि जंतू मात्र मजेत वाढताहेत. का? कारण जंतूच्या शरीरात ज्या खोबणीत हा रेणू जाऊन बसायचा, तिथं आता त्याचा कोपरा अडतो. पुस्तकांत यासाठी कुलूप-किल्लीचं चित्र काढलेलं असतं. मी वर्गात चपलेचं उदाहरण द्यायचो. लग्नघरातून गडबडीत निघताना दोन्ही पायांत डाव्याच चपला आल्या तर माप तेच असतं, चामडंही तेच असतं, पण घरापर्यंत चालून दाखवा. पोरं हसायची आणि परीक्षेत चपलेचं चित्र काढून यायची. मी त्याला गुण द्यायचो.

नांदेडला आम्ही पदार्थ बनवायचो खरे, पण जंतूंवर ते तपासायची सोय आमच्याकडं नव्हती. ती लातूरला होती, काझी सरांकडं. काझी सर सूक्ष्मजीवशास्त्राचे, माझ्याच वयाचे, अतिशय नेटके गृहस्थ. आमच्या पुड्या छोट्या बाटल्यांत भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं लातूरला जायच्या. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर काझी सर जंतू पसरायचे. मग त्या थराला बारीक भोकं पाडून एकात आमचा पदार्थ, एकात बाजारात मिळणारं जंतुनाशक आणि एकात नुसतं विरघळवायचं द्रव घालायचे. दुसऱ्या दिवशी सगळीकडं जंतूंची साय धरलेली असायची. आमचा पदार्थ कामाचा असेल, तर त्याच्या भोकाभोवती तेवढं स्वच्छ गोल कडं दिसायचं. त्या कड्यासाठी आमची पोरं नवस बोलायची. बहुतेक वेळा काझी सरांचा फोन यायचा, "बिरादार साहेब, तुमच्या दवाईवर जंतू लई खूश हायत."

त्या काळात हदगावचे मारोतराव कदम माझ्याकडं आले. त्यांचं कीटकनाशकांचं दुकान होतं आणि त्यांचा पुतण्या आमच्याकडं बी.एस्सी.ला होता, एवढ्या ओळखीवर ते दोन बाटल्या पिशवीत घालून थेट प्रयोगशाळेत शिरले. कापसावर फवारायचं एकच औषध दोन्ही बाटल्यांत होतं. फक्त एकीवर नावाच्या आधी 'अल्फा' असं लिहिलेलं.

"सर, गिऱ्हाईक मला खोटं पाडून राहिले," ते म्हणाले. "नाव एकच, मंग ही अल्फावाली थोडी मारली तरी आळी मरती अन् ती साधी जास्त लागती. कामून?"

मी फळ्यावर चित्र काढलं. साध्या बाटलीत त्या रेणूचे अनेक अवतार एकत्र असतात. अणू सगळ्यांत तेच, जोडणीही तीच, पण हातपाय कुणाचे कुठल्या दिशेला वळलेत त्यात फरक. आळीला त्रास देतात ते त्यातले थोडेच. 'अल्फा'च्या बाटलीत तेवढेच निवडून भरलेले असतात.

मारोतरावांनी फळ्याकडं बघत डोक्यावरची टोपी नीट केली. "म्हंजे नवरदेव एकच. बाकीचे नुसते वऱ्हाडी. जेवायला आलेले."

मागच्या ओट्यावर माझी विद्यार्थिनी शिवकांता फ्लास्क धूत होती. तिला इतकं हसू आलं की हातातला फ्लास्क निसटता निसटता राहिला.

शिवकांता चाकूरची. तिकडच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या दिवसांत नांदेडला येऊन माझ्याकडं पीएच.डी.चं काम करायची. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, आणि पदार्थ इतके स्वच्छ बनवायची की मी तिच्या बाटल्या नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवायचो. तिचे रेणू असे होते: दोन टोकांना दोन मोठ्या कड्या आणि मधे त्यांना जोडणारा ताठ दुवा. हा दुवा दुहेरी असल्यामुळं सहजी फिरत नाही. दोन्ही कड्या त्याच्या विरुद्ध बाजूंना राहतात आणि रेणू सरळ दिसतो. अशा रेणूंची तिनं एक मालिकाच बनवली. कुठं क्लोरीन, कुठं मिथॉक्सी नावाचा अणूंचा गट, कुठं फ्लोरीन.

भर उन्हाळ्यात काझी सरांचा फोन आला आणि त्यांनी नेहमीचा विनोद केला नाही. "त्या चाकूरच्या पोरीची अकरा नंबरची बाटली," ते म्हणाले, "बाजारातल्या दवाईएवढं कडं आलंय. मी दोनदा केलं." मी शिवकांताला सांगितलं तेव्हा ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि ओढणीनं तोंड पुसलं. त्या दिवशी मी सगळ्या प्रयोगशाळेला गुलाबजाम खाऊ घातले.

अशा निकालानंतर पदार्थ पुन्हा बनवून पुन्हा तपासायचा असतो. पावसाळा लागल्यावर तिनं तो पुन्हा बनवला. लातूरहून उत्तर आलं, काही नाही. पुन्हा बनवला, पुन्हा काही नाही. मग पहिल्या बाटलीत उरलेली चिमूटभर पूड पाठवली, तर तिचंही कडं जेमतेम दिसेल एवढंच आलं. काझी सर स्वतः नांदेडला आले. माझ्यासमोर बसून म्हणाले, "साहेब, तवा होतं. मी डोळ्यानं पाहिलं. आता न्हाई. यापेक्षा जास्त मी सांगू शकत न्हाई."

संशय घ्यायला तेवढं पुरेसं होतं. तिच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीत एक ज्येष्ठ गृहस्थ होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. शिवकांता फळ्यासमोर उभी होती आणि साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्या भावाचं औषधाचं दुकान आहे ना चाकूरला?" ती म्हणाली, हो. "मग पहिल्या नमुन्यात काय मिसळलं होतं?"

म्हणजे तिनं भावाच्या दुकानातली गोळी कुटून आपल्या पुडीत घातली, असं त्यांना म्हणायचं होतं. अशा भानगडी आमच्या धंद्यात होत नाहीत असं नाही. म्हणूनच तो प्रश्न हवेत विरून जाणारा नव्हता. नांदेड-लातूरमधले रसायनशास्त्राचे सगळे लोक एकमेकांना ओळखतात. भेसळ करणारी म्हणून एकदा नाव झालं असतं, तर पदवी राहू द्या, तिला कुणी प्रयोगशाळेत उभंही केलं नसतं. पुढच्या बैठकीपर्यंत खुलासा द्या, नाहीतर तो पदार्थ आणि त्यावर बेतलेलं सगळं काम मागं घ्या, असं ठरलं.

तिचा भाऊ मला भेटायला आला. मला वाटलं भांडायला आलाय. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "सर, तिला खोटं बोलता येत न्हाई. लहानपणी प्रयत्न करायची, तर आधी हिचेच कान लाल व्हायचे. तुम्ही एवढं त्यांना सांगा." कानांचा रंग समितीपुढं पुरावा म्हणून कसा ठेवायचा, हे मला कळेना. पण त्याचं बोलणं ऐकून मला फार बरं वाटलं. माझाही तिच्यावर विश्वास होता, आणि नुसत्या विश्वासानं काही होत नाही, म्हणून मला रात्रंदिवस चीड येत होती. सरोज म्हणायची, घरी आलात की भांड्यांवर राग काढू नका.

आम्ही सगळं तपासलं. रसायनांच्या बाटल्या बदलून पाहिल्या, पाणी बदललं, भांडी आम्लात बुडवून काढली. पूड दर वेळी शुद्ध, दर वेळी निकामी. एके दिवशी दुपारी शिवकांता पदार्थ वाळवायच्या ओव्हनसमोर नुसतीच उभी होती. बाहेर श्रावणाची झड लागलेली. मी म्हणालो, काय झालं?

"सर, उन्हाळ्यात ह्याच्यात न्हाई वाळवलं मी," ती म्हणाली. "तवा लाईट कुठं होती."

इथं आमच्या प्रयोगशाळेची आतली एक गोष्ट उघड करावी लागते. भारनियमनाचे दिवस होते. भर उन्हाळ्यात वीज सकाळीच जायची आणि ओव्हन थंड पडायचा. मग आमची पोरं अल्कोहोलमधली द्रावणं पसरट काचपात्रांत ओतून, वर काच ठेवून गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायची. संध्याकाळपर्यंत स्फटिक तयार. शेजारच्या इमारतीत चौकीदाराची बायको कुरडया घालायची आणि इकडं आमचे रेणू वाळायचे. ती आमच्या पात्रांवर बसणारे कावळेही हाकलायची. पण प्रबंधात आणि शोधनिबंधात सगळेजण 'ओव्हनमध्ये वाळवले' असंच लिहायचे. परदेशात लोक तसं लिहितात म्हणून आम्हीही लिहायचो. 'गच्चीवर वाळवले' असं लिहिलं तर लोक हसतील अशी आम्हाला धास्ती होती. लिहिता लिहिता आम्ही स्वतःही तेच खरं मानायला लागलो होतो, त्यामुळं चौकशी करताना गच्ची कुणाला आठवलीच नाही.

"शुद्धता तपासायला थोडा नमुना आपण उन्हाआधीच काढला होता, म्हणून तो शुद्ध दिसला," शिवकांता म्हणाली. "लातूरला गेला तो गच्चीवरचा. सर, त्या हदगावच्या काकांचे वऱ्हाडी आठवतात का?"

मला आठवले. मधला दुहेरी दुवा सहजी फिरत नाही, असं मी वर लिहिलंय. पण द्रावणात असताना त्यावर कडक ऊन पडलं तर तो फिरू शकतो. मग विरुद्ध बाजूंना असलेल्या दोन कड्या एकाच बाजूला येतात आणि सरळ रेणू वाकतो. एसटीच्या दारात दोन हातांत दोन बोचकी धरून हात पसरलेला माणूस आत शिरत नाही, दोन्ही बोचकी एका बाजूला घेतली की शिरतो. तसा हा वाकलेला रेणू जंतूच्या खोबणीत शिरला असणार. आणि बाटलीत पडून पडून तो हळूहळू पुन्हा सरळ झाला असणार, म्हणून जुनी पूडही निकामी झाली. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलो होतो.

आता फक्त ऊन हवं होतं आणि ते नव्हतं. श्रावण गेला, भाद्रपदात गोदावरी घाटाच्या पायऱ्यांवर चढून बसली, आणि आम्ही दोघं शेतकऱ्यांच्या उलट आभाळाकडं बघत होतो. शिवकांता चाकूरहून सकाळच्या गाडीनं यायची, गच्चीवर जायची, ढग बघून खाली यायची. बैठक जवळ येत चालली. मी एक-दोनदा म्हणालो, दिव्याखाली करून बघू. ती म्हणाली, "न्हाई सर. जसं केलं होतं तसंच करू. न्हाईतर ते म्हणतील, आता दुसरंच काय तरी केलं."

नवरात्रानंतर आभाळ उघडलं आणि ऑक्टोबरचं पोळणारं ऊन पडलं. तिनं पात्र गच्चीवर ठेवलं आणि शेजारी छत्री घेऊन बसून राहिली. मी वर गेलो तेव्हा छत्री तिच्या डोक्यावर होती आणि पात्र भर उन्हात. संध्याकाळी त्या पुडीचा कण विरघळवून कागदासारख्या पातळ पट्टीवर चढवला. शुद्ध पदार्थाचा एकच ठिपका वर सरकतो. आमच्यासमोर दोन ठिपके होते. आम्ही खिडक्यांना जाड पडदे लावून ते दोन पदार्थ वेगळे केले, बाटल्यांना काळा कागद गुंडाळला, आणि या वेळी शिवकांता एसटीनं स्वतः लातूरला गेली.

काझी सरांचा फोन आला. "सरळ उभं राहिलेल्यावर जंतू खूश," ते म्हणाले. "वाकलेल्यानं बशी धुऊन काढली." मग म्हणाले, "साहेब, पोर इथंच बसून राहिली हाय. रडून राहिली. मी चहा मागवलाय." रचना तपासायला हैदराबादला पाठवलेल्या वाकलेल्या रेणूचा आलेख आला, त्यातही कड्या एकाच बाजूला होत्या.

बैठकीत साहेबांनी तो आलेख बराच वेळ पाहिला. "हां, असं होऊ शकतं," ते म्हणाले आणि चहा का आला नाही याची चौकशी करू लागले. त्यांच्याकडून माफीची अपेक्षा शिवकांतानं केली नव्हती. मी केली होती आणि ती अजून सोडलेली नाही. तिनं प्रबंधात लिहिलं: 'द्रावण काचेखाली, गच्चीवर, मे महिन्याच्या उन्हात वाळवले.' तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरगावच्या परीक्षकांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. ते म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी खरं लिहिलेलं वाचतोय."

त्या रेणूचं औषध झालं नाही. दुकानाच्या फळीवर जाईपर्यंत जो पुन्हा सरळ होतो, त्याचं औषध कसं होणार? माझ्या हाताखालच्या पोरांनी बनवलेल्या एवढ्या पुड्यांपैकी एकही कुणाच्या तापावर कधी कामाला आली नाही. अप्पा गेले तेव्हाही ते सगळं अजून कशाचंच नव्हतं. याचं वाईट वाटतं. नाही वाटत असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल.

गेल्या थंडीत काझी सरांच्या मुलाच्या वलीम्यासाठी, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणासाठी, लातूरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शिवकांताच्या महाविद्यालयात गेलो. ती आता तिथं विभागप्रमुख आहे, केस पिकलेत, आवाजात थोडा दरारा आलाय. मी प्रयोगशाळेच्या दारात पोचलो आणि तो जुना कुजका वास आला. मी दोन श्वास जास्तच घेतले. आत एक मुलगी तिच्यासमोर बाटली घेऊन उभी होती. निलंग्याकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. पहिला निकाल चांगला आला होता आणि दुसऱ्या वेळी कडं आलंच नव्हतं. मागं उभे असलेले दोघे सहकारी एकमेकांकडं बघून हसत होते. मुलगी सांगत होती, "मॅडम, मी काय बी मिसळलं न्हाई."

"मी विचारलं का तुला तसं?" शिवकांता म्हणाली. तिनं बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि शेजारचं स्टूल मुलीकडं सरकवलं. "बस आधी. आणि मला सांग, वाळवलं कुठं होतंस?"

मला आत जायला थोडा वेळ लागला. डोळे पुसल्याशिवाय जाता येईना.